युद्धकाळातली व्यापाऱ्यांची टोकनं नाण्यांच्या अल्बममध्ये लावावीत का?

चिल्लर_सोलापुरी: आपल्या सोलापुरातले बरेच संग्राहक खाजगी टोकन दिसलं की "बिल्ला आहे" म्हणून बाजूला सारतात. मला नाही पटत. 1862 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात लोकांनी आधी सोनं-चांदी दडवली, मग सेंटसुद्धा. सुट्ट्यावाचून धंदा अडला, तेव्हा किराणावाले, गुत्तेवाले यांनी सेंटएवढी तांब्याची टोकनं पाडून घेतली. खोट्या नाण्याचा आळ नको म्हणून काहींवर "वन सेंट"च्या वर बारीक अक्षरात "नॉट"! ही हुशारी सरकारी नाण्यात कुठून दिसणार?

जुनी_मिल_चाळ: हुशारी कसली, बिनव्याजी उधारी ती! न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या बारमालकाने दहा लाखांवर टोकनं बाजारात सोडली. थर्ड अव्हेन्यू रेलरोड या ट्राम कंपनीकडे तिकिटाच्या भाड्यापोटी ढीग जमला, त्यांनी "बदलून द्या" म्हटलं, तर गड्याने सरळ हात वर केले. 1864 मध्ये कायद्याने बंदी आली ते बरंच झालं. उद्या दुकानदार सुट्ट्याऐवजी गोळी देतो, तीही अल्बममध्ये लावणार का?

चिल्लर_सोलापुरी: गोळी दुसऱ्या दुकानात चालत नाही अण्णा, टोकन चालायचं. लबाडी झाली म्हणून तर जपायचं. शिवाय त्याच 1864 मध्ये सरकारने तांबं-निकेलचा जाड सेंट सोडून पातळ कांस्याचा काढला. टोकन लोकांनी घेतलं, हे टांकसाळीनेही पाहिलं होतं.

भोकाचा_पैसा: दोघंही अमेरिकेतच अडकलात की! दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही मोड गायब झाली. 1940 मध्ये गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरलं, 1943 मध्ये धातू वाचवायला भोकाचा पैसा आला. पण इथे व्यापाऱ्याला धातूचं टोकन पाडता येत नव्हतं. 1889 चा मेटल टोकन्स कायदा आडवा होता, आणि सोलापूर ब्रिटिश हद्दीत. मोरवी, जुनागडसारख्या संस्थानांनी मात्र पुठ्ठ्याची कूपनं काढली. परदेशी तांब्यावर पैसे घालण्यापेक्षा ती शोधा.

जुनी_मिल_चाळ: कूपनामागे दरबार उभा होता. गुत्तेवाल्यामागे कोण? माझा आक्षेप तोच आहे.

चिल्लर_सोलापुरी: मागे कोणी नसताना लोकांनी घेतलं, मला तर त्याचंच अप्रूप. कूपनंही बघतो, पण कसर लागलेली नकोत. आणि कुणाला टोकन विकत घ्यायचंच असेल, तर चिंचेने घासून लखलखीत केलेलं घेऊ नका. मूळ रंग गेला की किंमत पार पडते.