राजारामपुरीतील गल्ली आरपार वाहतुकीला बंद होणार : हरकत घ्यावी की पाठिंबा द्यावा?

प्रश्न

आमची गल्ली कोल्हापुरात राजारामपुरीच्या मुख्य रस्त्याला मिळते. संध्याकाळी मुख्य रस्ता तुंबला की लोक सर्रास आमच्या गल्लीतून गाड्या काढतात आणि त्यांत गल्लीतल्या गाड्या मोजक्याच असतात. परवा शेजारच्या आजी दारातली रांगोळी पुरी करून उठत होत्या, तोच एक दुचाकी त्या रांगोळीवरून गेली. आता गल्ली आरपार वाहतुकीसाठी बंद करण्याचा प्रस्ताव महानगरपालिकेत विचाराधीन असून रहिवाशांकडून हरकती व सूचना मागवल्या आहेत. माझा कल प्रस्तावाच्या बाजूने आहे. परंतु तोंडाशी किराणा दुकान चालवणारे काका कडाडून विरोधात आहेत आणि त्यांच्याशी रोजचा घरोबा आहे. लेखी म्हणणे देताना नेमके काय मागावे?

पहिले उत्तर

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २०८ नुसार आयुक्तांना महानगरपालिकेच्या मंजुरीने एखाद्या सार्वजनिक रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते आणि धोका वा अडथळा टाळण्याबरोबरच वस्तीतील शांतता हेही कारण त्यात धरलेले आहे. दुसरीकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खाली घातलेले निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसतील, तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून आधी महिनाभराचा प्रयोग मागावा. तो महिना गणपती-नवरात्रात मात्र धरू नये, कारण अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या बाहेरगावच्या मोटारींमुळे त्या दिवसांत शहरातील वाहतुकीची नेहमीची कल्पना येतच नाही.

दुसरे उत्तर

मी स्वतः दुकानदार आहे. गिऱ्हाईक तुटेल ही भीती असतेच, पण मालाच्या टेम्पोचे काय, ही त्याहून मोठी अडचण आहे. गल्लीचे एक टोक बंद झाले आणि आत वळायला जागा नसली, तर टेम्पो उलटाच बाहेर काढावा लागेल, आणि मुले खेळत असलेल्या गल्लीत रिव्हर्स येणारा टेम्पो हा सुसाट दुचाकीपेक्षा कमी धोक्याचा नाही.

तिसरे उत्तर

वरील मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच अडथळा गल्लीच्या तोंडाशी न घालता मध्यावर, शक्यतो टेम्पो वळू शकेल अशा मोकळ्या जागेजवळ घालावा. मग प्रत्येक घरापर्यंत आणि दुकानापर्यंत कुठल्या तरी एका बाजूने गाडी पोहोचते, फक्त आरपार जात नाही. खांब काढता-घालता येणारे असावेत आणि किल्ली अग्निशमन दलाकडेही असावी. गणेश आगमनाच्या मिरवणुकीलाही ते काढावे लागतील. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, नाहीतर पुढे निराशा होईल : ज्या फटीतून चाकाची खुर्ची जाते, तिच्यातून दुचाकीही जाते. खांबांनी मोटारी थांबतील, दुचाकींसाठी मध्यावरचा भाग उंच करून वेग मोडावा लागेल. शिवाय वाहनांची मोजणी शेजारच्या दोन्ही गल्ल्यांतही, आधी आणि नंतर, व्हावी. आपला त्रास त्यांच्या दारात नेऊन टाकला तर उद्या त्याच हरकती घेऊन येतील.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. मध्यावर खांब, एक महिन्याचा प्रयोग आणि तिन्ही गल्ल्यांत मोजणी, असे लिहून देत आहे. टेम्पोची वळायची जागा काकांनीच दाखवावी, असे ठरले. ते अजून सही करायला तयार नाहीत, पण जागा बघायला आले. खांबांमधल्या फटीतून दुचाकी जाईल का हे बघायला माझ्या स्कूटरचे हँडल मोजले, ते ६८ सेंटीमीटर भरले.