थॉमसन पार्कात काळं वानर दिसलं, नुसत्या पानांवर भागतं का याचं?

रानभुली: रविवारी सकाळी लेकीला घेऊन थॉमसन नेचर पार्कात गेले होते. सिंगापुरात माकडं नेहमीचीच, पण यावेळी वर फांदीवर वेगळंच काहीतरी, काळंकुळं अंग, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, मांड्यांना आतून पांढरे पट्टे, पोटाशी चक्क पांढरं पिल्लू! लेक म्हणाली आई हे वानर आहे, आजोबांच्या गावी असतं तसं. पिशवीत केळं होतं, पण दिलं नाही. पंधरा मिनिटं ते फक्त पानंच खात होतं, एवढ्यावर पोट भरतं?

बुचाचं झाड: लेकीने बरोबर ओळखलंय. हा रॅफल्सचा बँडेड लंगूर. आपण माकड वेगळं आणि वानर वेगळं म्हणतो ना, तोच फरक. माकडाच्या गालात पिशव्या असतात, मिळेल ते कोंबतं. वानराला त्या नाहीत, त्याचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं, आतले जिवाणू पाला आंबवतात आणि त्यातून याला ताकद मिळते, रवंथ मात्र करत नाही. म्हणून खाल्लं की तासन् तास बसून राहतं, ते आळशी नाहीये, पचवतंय. आणि नुसती पानं नाही हं, कोवळी पालवी, कच्ची फळं, बिया, फुलं पण. जून पान चिवट, ते शक्यतो नको असतं. पिकलेलं गोड फळ सोसत नाही, साखर भराभर आंबते, आम्ल वाढतं, पोट फुगतं. केळं दिलं नाहीत ते फार म्हणजे फारच बरं केलंत!

जोहोरकर: याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३८ चं, तेही सिंगापूरच्याच नमुन्यावरून, आणि आज अख्ख्या सिंगापुरात सत्तरच्या आसपास उरलेत. बाकीचे इकडे मलेशियात, जोहोर-पहांगकडे. सिंगापुरातल्याच बुकित तिमाहच्या जंगलातलं शेवटचं १९८७ मध्ये कुत्र्यांनी मारलं. त्याच सुमारास मधून एक्स्प्रेसवे गेला आणि ते जंगल बाजूच्या मोठ्या जंगलापासून तुटलं, मग नवीन वानरं येणार कुठून? पालवी काय एकाच झाडाला बारा महिने नसते, या झाडावरून त्या झाडावर फिरावंच लागतं, फांद्याच तुटल्या तर खाणंच तुटलं. म्हणून तुमच्या पार्काशेजारच्या ओल्ड अप्पर थॉमसन रोडवर दोरीचे पूल बांधलेत, मान वर करून बघा.

रानभुली: अगं बाई, मला वाटलं केबल आहेत! पुढच्या रविवारी दुर्बीण घेऊन जातो. पिल्लू पांढरंच राहतं का?

बुचाचं झाड: नाही, मोठं होताना काळं होतं. दुर्बिणीतून पाठ बघा, त्यावर काळी फुली असते.