खाडीसाठी १८ फुटी फायबर होडी : तळ सपाट की व्ही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, देवबागला कर्ली खाडीत मासेमारीसाठी नवीन होडी बांधून घेतोय, फायबरची, १८ फूट लांब, तळाला ५ फूट रुंद. बाकी सगळं ठरलंय, फक्त तळ सपाट ठेवायचा की व्ही (मधोमध खाली निमुळता), तिथे गाडी अडलीय.

वापर असा की बहुतेक दिवस खाडीच्या आतच, बाबा पाग (फेकायचं गोल जाळं) टाकतात, मी कांडाळी (पाण्यात उभी लावायची जाळी) लावतो, मासे म्हणजे बोय, काळुंदर, कधी तांबोशी. सुकतीला (ओहोटीला) कितीतरी ठिकाणी गुडघाभर पण पाणी नसतं, खाली चिखल आणि मध्येच कालवांचे (धारदार शिंपल्यांचे) दगड, तिथे इंजिन वर घेऊन वाशाने रेटत जावं लागतं. पण पावसाळा संपल्यावर बांगडा जवळ आला की संगमावरून (खाडी समुद्राला मिळते तिथून) बाहेर पण जायचं असतं, आणि तिथे पाणी सुकत असताना बाहेरून वारा असला की वाळूच्या दांड्यावर लाट कशी उभी राहते ते इकडच्यांना सांगायला नको.

मी हिशोब केला तो असा. होडी, इंजिन, दोन माणसं, जाळी, बर्फ धरून ६०० किलो. सपाट तळ असेल तर साधारण ४ इंच पाण्यात बसेल, १२ अंशाचा व्ही (तळाची प्रत्येक बाजू आडव्यापासून तेवढी तिरपी) केला तर तेवढ्याच वजनाला मधोमध ७ इंच. तीन इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण चिखलात रुतायचं की निघायचं ते तेवढ्यावरच ठरतं. शिवाय व्ही तळाची होडी उभी असताना जास्त डुलते, आणि बाबांचं एकच म्हणणं, "पाग मारताना होडी हलाक नको, बाकी काय ता तू बघ." दुसरीकडे सपाट तळ लाटेवर धाडधाड आपटतो, आणि वाऱ्यात आडवा सरकतो, सरळ चालतच नाही.

बांधणाऱ्याकडे समुद्राच्या होडीचा व्ही साचा तयार आहे, तो म्हणतो हाच घ्या, स्वस्तात पडेल. मला तो पटत नाही. माझ्या डोक्यात असं आहे की नाळेला (पुढच्या टोकाला) चांगला धारदार व्ही ठेवायचा आणि मागे येता येता ५-६ अंशावर आणायचा, म्हणजे साडेपाच इंचात काम होईल, आणि तळाला लांबीत दोन जाड पट्ट्या, सरळ चालायला पण आणि कालवांवर घासली तर तळ वाचायला पण. कोणीतरी मागच्या बाजूला तळात बोगदा (लांबट खोलगट खाच) काढायला सांगितलं, इंजिनचा पंखा वर घेता येतो म्हणून, पण त्याने मागची तरंगण्याची जागा कमी होते आणि ९.९ एचपीचं इंजिन तर मागेच लटकणार, मग मागून दबणार नाही का?

कालावल, आचरा किंवा गोव्याच्या खाड्यांत कोणी अशी मधली होडी चालवत असेल तर प्लीज सांगा, ५-६ अंश मागे ठेवून खाडीच्या तोंडावरची लाट झेपते का? आणि इंजिन १५ इंची शाफ्टचं (पंख्यापर्यंतच्या खालच्या दांड्याचं) घेऊ की २० इंची, कारण मागच्या फळीची उंची त्यावरच कापायचीय आणि साचा सुरू व्हायच्या आत मला ते सांगायचंय.