विषय: खानापूरची जमीन, गावातलं घर आणि नेमकी कुठली कचेरी?

प्रेषक: नंदगडकर

मंडळी नमस्कार,

आप्पा गेल्यावर आम्हा तिघा भावंडांची नावं लावायची राहिलीत. खानापूर तालुक्यात शेत आहे आणि गावठाणात जुनं घर. थोरला गावातच असतो, पण तो वैतागलाय. पंचायतीत गेला तर तालुक्याला जा म्हणतात, तालुक्याला गेला तर घराचं पंचायतीत बघा म्हणतात. मी परदेशात आहे, इथल्या एका मित्रानं मदत म्हणून महाराष्ट्राच्या सातबाऱ्याची लिंक पाठवली. त्या यादीत बेळगाव जिल्हा कुठून असणार!

कचेरीची वाट ठाऊक असलेलं कुणी लिस्टवर आहे का?

---

प्रेषक: कोथरूडच्या वहिनी

अहो सोपं आहे. सरपंचांना भेटायचं, ग्रामसेवकांकडून कागद घ्यायचे, आणि अडलंच तर जिल्हा परिषद सदस्याचा एक फोन. आमच्या सासरी मावळात असंच झालं.

---

प्रेषक: जांबोटीचे काका

नंदगडकर, वहिनी,

मी तालुका कचेरीतून निवृत्त झालो, सध्या लेकीकडे आलोय. नातू शाळेत गेला की वेळच वेळ आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

वहिनी, तुम्ही सांगितलेल्या तिघांपैकी एकही माणूस आमच्याकडं भेटायचा नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीला सरपंच नसतो, अध्यक्ष असतो. गावानं थेट निवडायचा नाही, सदस्यांनी आपल्यातून निवडायचा. चारशे वस्तीमागं एक सदस्य, आणि निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. ग्रामसेवकाच्या जागी पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. तिसरा तर शोधूनच सापडायचा नाही: जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीची निवडणूक २०१६ ला झाली, मुदत २०२१ ला संपली, आणि पुढं मतदारसंघांची फेररचना नि आरक्षण यात प्रकरण अडकून हायकोर्टात गेलं. वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघतोय. ज्या राज्यानं १९८७ मध्ये जिल्हा परिषद आणि मंडल पंचायतीच्या निवडणुका घेऊन साऱ्या देशाला वाट दाखवली, बोअरवेल मारणाऱ्या तेव्हाच्या पंचायत राज मंत्र्यांना, नझीरसाबांना, 'नीरसाब' म्हणून डोक्यावर घेतलं, त्याच राज्यात असं व्हावं! असो. नोकरीत असताना हे बोलता येत नव्हतं, आता येतं.

आता नंदगडकरांचं. तुमच्या भावाला टोलवलं असं वाटतंय, पण दोघांनीही खरंच सांगितलंय की ओ. शेताचा कागद आणि घराचा कागद दोन वेगळ्या घरी नांदतात.

शेत महसूल खात्याकडं. राज्याचे चार महसूल विभाग: बंगळूर, म्हैसूर, बेळगाव, कलबुर्गी. आपल्या बेळगाव विभागात सात जिल्हे येतात, त्यावर प्रादेशिक आयुक्त. जिल्ह्याला डीसी, म्हणजे तुमचा कलेक्टर. जिल्ह्याचे उपविभाग बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी, प्रत्येकाला एक एसी; महाराष्ट्रात त्याला प्रांत म्हणतात. मग तालुक्याचा तहसीलदार. त्याच्या खाली होबळी, म्हणजे काही गावांचा गट; तिथं रेव्हेन्यू इन्स्पेक्टर आणि नाडकचेरी, म्हणजे होबळीची कचेरी. सगळ्यात खाली व्हिलेज अकाउंटंट. सरकारनं त्याचं नाव बदललंय, गावात मात्र तलाठीच म्हणतात. तुमच्या भावाचं काम या शेवटच्या दोन पायऱ्यांवर होतं. उगीच डीसी ऑफिसच्या चकरा मारू नका. तिथून अर्ज शेरा मारून परत खालीच येतो, आणि तोवर महिना गेलेला असतो.

नाडकचेरीत मृत्यू दाखला, वंशावळ, उतारा आणि सगळ्यांची ओळखपत्रं घेऊन वारसाचा अर्ज द्यायचा. कानडीत त्याला पवती खातं म्हणतात, तोच शब्द वापरा, काम लवकर समजतं. मग नोटीस लागते, हरकती मागवतात. हरकत नसली तर रेव्हेन्यू इन्स्पेक्टरच्या पातळीवर नोंद मंजूर होते. हरकत आली की प्रकरण तहसीलदाराकडं. त्याचा निकाल पटला नाही तर १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम १३६ खाली एसीकडं अपील, त्यावर डीसीकडं. तुमच्या घरात भांडण नाही असं धरून चालतो. पूर्वी हे सगळं तलाठ्याच्या दप्तरात असायचं, आणि दप्तर कुठं असायचं ते तलाठ्यालाच ठाऊक. २००० च्या सुमारास 'भूमी', म्हणजे जमिनीची संगणकावरची नोंद, आली, हातानं लिहिलेला उतारा बंद झाला. त्यासाठी त्या लोकांना दुवा द्यावा तेवढा थोडा. सर्व्हे नंबर असला तर उतारा तुम्ही तिथं बसूनसुद्धा बघू शकता.

एक सांगतो, राग मानू नका. वंशावळीत बहिणीचं नाव पहिल्यापासून घाला. 'ती लग्न होऊन गेली' म्हणून वगळलेली नावं पुढं किती घरं कोर्टात घेऊन गेली ते मी खिडकीच्या आतल्या बाजूनं बघितलंय. कर्नाटकानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क १९९४ लाच दिला, केंद्राचा कायदा २००५ चा. तिला हक्क सोडायचा असेल तर नंतर नोंदणी करून सोडू दे.

घराचं काम पंचायतीचं. ती वाट निराळी: जिल्हा पंचायत, तालुका पंचायत, ग्रामपंचायत, १९९३ च्या कायद्यानं बांधलेली. जिल्ह्याला सीईओ, तालुक्याला ईओ, गावाला पीडीओ. तहसीलदार नि ईओ दोघं खानापुरातच बसतात, पण एकाचा शिक्का दुसऱ्याच्या कागदावर चालत नाही. गावठाणातल्या मिळकतीला 'ई-स्वत्तु' या पंचायतीच्या ऑनलाइन नोंदीवरून नमुना ९ आणि नमुना ११ हा मिळकतीचा कागद निघतो, तो पीडीओच्या सहीनं. घरपट्टी थकलेली असली तर पहिल्यांदा ती भरा. आणि खुद्द खानापूर शहरात घर असतं तर यातलं काहीच लागू नव्हतं, कारण तिथं पट्टण पंचायत, म्हणजे शहराची नगर पंचायत.

---

प्रेषक: चंदगडकर

काका, वाचून मजा वाटली. आमच्या घराण्याची जमीन दोन्हीकडं आहे. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आमचा तेवढा तालुका मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. आता एका सर्व्हे नंबरचा सातबारा हेक्टर-आरमध्ये निघतो, दुसऱ्याचा उतारा एकर-गुंठ्यात. वडिलांनी दोन्ही कागद एका पिशवीत ठेवलेत. मोठ्या दवाखान्याला आणि लग्नाच्या खरेदीला आम्ही बेळगावला, प्रांताच्या कामाला गडहिंग्लजला, जिल्ह्याच्या कामाला कोल्हापूरला. सोयीची तेवढी एकच जागा, आणि तिथं आमची एकही कचेरी नाही!

---

प्रेषक: जांबोटीचे काका

चंदगडकर, आमच्या खानापूरची गंमत ऐका. तालुका बेळगाव जिल्ह्यात, आमदार खानापूरचा, पण खासदार उत्तर कन्नडचा. खानापूर आणि कित्तूर हे दोन विधानसभा मतदारसंघ उत्तर कन्नडच्या लोकसभेला जोडलेत. म्हणजे रस्त्याची तक्रार डीसीकडं बेळगावला, आणि रेल्वेच्या पुलासाठी खासदार शोधायला घाट उतरायचा. मतदारसंघांची रेघ आणि महसुलाची रेघ कधी एकावर एक बसत नाही, पण आमच्याकडं जरा जास्तच वाकडी आहे.

---

प्रेषक: टिळकवाडीची ताई

काका, माझंही सांगा ना. बेळगावात आईचा फ्लॅट टिळकवाडीत, मामाचं घर कॅम्पात. दोन्हीचे कागद एकाच ठिकाणी मिळतील का?

---

प्रेषक: जांबोटीचे काका

नाही मिळणार, ताई. टिळकवाडी महापालिकेत. ५८ वॉर्ड आहेत, सप्टेंबर २०२१ मध्ये निवडणूक झाली, ती पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर. फ्लॅटचा खाता, म्हणजे महापालिकेच्या दप्तरातली नोंद, आणि मिळकत कर महापालिकेत, जागेला सीटीएस नंबर असेल तर त्याचा उतारा सिटी सर्व्हेच्या ऑफिसात. ही सीटीएसची पद्धत मुंबई इलाख्याच्या वेळेची.

कॅम्पाला मात्र राज्य सरकारचा हात लागत नाही. कँटोन्मेंट १८३२ पासूनचं, त्याचं बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यात. बऱ्याच बंगल्यांची जमीन केंद्राची आणि इमारत तेवढी मालकाची असते. मामांना विकायचं मनात असेल तर आधी बोर्डातून जागेचा प्रकार लिहून घ्या, मग वकिलाकडं जा. उलट क्रमानं गेलात तर वकिलाची फी दोनदा पडेल.

---

प्रेषक: येळ्ळूरकर

सगळे नमुना ९ नि ११ मध्ये रमलेत. मूळ प्रश्न कुणी काढतच नाही. मराठी माणसाला कानडी कागद का वाचायला लावता? सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ ला २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं, त्यात निपाणी, खानापूर, नंदगडसुद्धा होतं. तेवढंही झालं नाही. २००५ मध्ये महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला तर महापालिकाच बरखास्त केली. ही कसली स्थानिक स्वराज्य संस्था?

---

प्रेषक: निपाणीकर

येळ्ळूरकर, राग समजतो. पण आयोगानं महाराष्ट्रातली २४७ गावं कर्नाटकाला द्या असंही म्हटलं होतं आणि बेळगाव शहराची मागणी फेटाळली होती, म्हणून तर महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. तो लागायचा तेव्हा लागेल, पवती खातं थांबत नाही.

या वादाचा कारभाराशी खरा संबंध कुठं येतो ते मी निपाणीतून बघितलंय. बेळगाव जिल्हा २०११ च्या जनगणनेत जवळजवळ ४८ लाखांचा, विधानसभेच्या १८ जागांचा. बंगळूर सोडलं तर राज्यात एवढा मोठा जिल्हा नाही. धारवाडचे तीन जिल्हे झाले, विजापूरचे दोन. बेळगावचे का नाहीत? चिकोडी आणि गोकाक जिल्ह्यांची मागणी जुनी आहे. १९९७ मध्ये जे. एच. पटेल सरकारनं विभाजनाची घोषणा केली, विरोध झाला आणि माघार घेतली. कन्नड संघटनांचं म्हणणं असं की चिकोडी, गोकाककडचा कानडी भाग वेगळा निघाला की उरलेल्या बेळगाव जिल्ह्यात मराठीचं प्रमाण वाढणार, सीमाप्रश्न मिटेपर्यंत हात लावू नका. म्हणजे अथणीच्या शेतकऱ्यानं डीसीकडं यायला अख्खा दिवस घालवायचा, आणि त्याचं कारण खानापूरची भाषा! तो बिचारा कानडी बोलतो, मराठीही बोलतो, त्याला कुणी विचारलेलंच नाही.

तालुके मात्र तोडले. निपाणी, कागवाड, मूडलगी, कित्तूर, यरगट्टी. आमची निपाणी चिकोडी तालुक्यात होती. आता तहसीलदार गावातच बसतो, दाखल्यासाठी चिकोडीची बस धरायची गरज नाही. खरं सांगायचं तर गेल्या कित्येक वर्षांत आम्हाला सरकारकडून मिळालेली सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.

---

प्रेषक: जांबोटीचे काका

निपाणीकर बरोबर बोलले. येळ्ळूरकरांच्या भाषेच्या मुद्द्यावर एक कामाची गोष्ट. घटनेच्या कलम ३५० प्रमाणं गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. मराठी अर्ज खिडकीवरून परत केला तर कलमाचा नंबर सांगा आणि पोच मागा. १५ टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात असंही केंद्रानं ठरवून दिलेलं आहे. ते कितपत पाळलं जातं ते तुम्ही बघताच. तरी माझ्या अनुभवाचं सांगू? अर्ज मराठीत द्या, सोबत कानडी प्रत जोडा. हक्क राहतो आणि टेबलावरचा पोरगा फाइल बाजूला ठेवत नाही. तो पोरगा बऱ्याचदा बागलकोटकडचा असतो, त्याला खरंच मराठी येत नाही.

---

प्रेषक: लिस्ट सांभाळणारे

सीमाप्रश्नासाठी वेगळा विषय उघडला आहे, पुढची मतं तिकडं लिहावीत. इथं नंदगडकरांचं काम पूर्ण होऊ द्या.

---

प्रेषक: नंदगडकर

काका, भावाला तुमची मेल वाचून दाखवली. नाडकचेरीत अर्ज दिला, पावती मिळाली. बहिणीचं नाव घातलंय, ती फोनवर दोन मिनिटं काही बोललीच नाही. पीडीओंनी घरपट्टीची जुनी पावती मागितलीय, ती भाऊ शोधतोय. आता दोन प्रश्न. मला येता येणार नाही, तर भावाला मुखत्यारपत्र कसं द्यायचं? आणि लगे हात शेताची वाटणीही करून टाकावी का?

---

प्रेषक: जांबोटीचे काका

मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन त्यांच्यासमोर सही करून साक्षांकित करा. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, नाहीतर दंड. 'सर्व अधिकार' असं मोघम लिहू नका. सर्व्हे नंबर, घराचा नंबर आणि कुठली कुठली कामं ते लिहा. विकण्याचा अधिकार द्यायचा नसेल तर तसं स्पष्ट लिहा, भाऊ सख्खा असला तरी.

वाटणी आत्ता नको. आधी तिघांची नावं उताऱ्यावर येऊ देत. मग मोजणीचा अर्ज, तलाठी नव्हे, सर्व्हे खात्याचा भूमापक येतो. त्याच्याकडून ११-ई नकाशा, म्हणजे तुकड्याच्या मोजणीचा नकाशा, मिळाल्याशिवाय सर्व्हे नंबरच्या तुकड्याची नोंदणी सब-रजिस्ट्रारकडं होत नाही. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला मोजणी नीट होत नाही, भात उभं असतं. सुगी झाल्यावर अर्ज द्यायला सांगा. आणि घरपट्टीची पावती सापडली नाही तर शोधत बसू नका, पंचायतीच्या कर वसुलीच्या वहीत तुमच्या आप्पांच्या नावापुढं नोंद असते. पीडीओला ती वही उघडायला सांगा.