शब्दचर्चा : ‘लो अँगल’मध्ये नेमकं खाली काय असतं?

प्रश्न

छायालेखनावरच्या मराठी मजकुरात ‘लो अँगल’साठी निम्नकोन, अधःकोन, खालचा कोन असे वेगवेगळे शब्द दिसतात. ‘हाय अँगल’ला उच्चकोन किंवा वरचा कोन. सेटवर मात्र ‘लो लाव’, ‘टॉप घेऊ’, ‘अँगल बदलतोय’ एवढंच ऐकू येतं. दोन शंका आहेत. ‘खालचा कोन’ म्हटल्यावर कॅमेरा खाली असतो की कॅमेऱ्याची नजर खाली जाते? आणि लो अँगल म्हणजे पात्र बलवान, हाय अँगल म्हणजे पात्र दुबळं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो या शब्दाचा अर्थच समजायचा का?

छायालेखक

कॅमेरा खाली असतो आणि नजर वर जाते. ‘खालचा कोन’ वाचून निम्मे लोक उलटं समजतात, कारण मराठीत ‘खालची नजर’ म्हणजे खाली बघणारी नजर. ‘निम्नकोन’, ‘उच्चकोन’ यांतही नेमकं काय निम्न आणि काय उच्च ते कळत नाही. ‘खालून घेतलेला शॉट’ आणि ‘वरून घेतलेला शॉट’ हे साधे शब्दप्रयोग जास्त अचूक आहेत. ‘खालून’ म्हटलं की कॅमेऱ्याची जागा कळते आणि नजर कुठे जाणार हे वेगळं सांगावं लागत नाही.

खरा घोळ ‘अँगल’ या शब्दातच आहे. सेटवर तो एकाच वेळी चार गोष्टींसाठी वापरला जातो: भिंग जमिनीपासून किती उंचीवर आहे, ते वर किंवा खाली किती झुकलंय (टिल्ट), पात्राच्या समोर आहे की बाजूला, आणि चौकट स्वतःच किती कललेली आहे. ‘अँगल बदलतोय’ म्हणजे यातलं एक बदललं किंवा चारही. शॉट लावताना या गोष्टी सुट्या सांगाव्या लागतात, नाहीतर दिग्दर्शकाच्या डोक्यात एक आणि मॉनिटरवर दुसरं दिसतं.

उंची आणि टिल्ट वेगळे कसे ते आकड्यांत पाहा. उभ्या पात्राचे डोळे जमिनीपासून १५५ सेंमीवर आहेत आणि भिंग ६० सेंमीवर. फरक ९५ सेंमी. कॅमेरा २ मीटरवर असेल तर डोळ्यांकडे बघायला भिंग सुमारे २५ अंश वर झुकवावं लागतं. तोच कॅमेरा त्याच उंचीवर ठेवून ४ मीटरवर नेला की कोन १३ अंशांवर येतो. १ मीटरवर आणला तर ४३-४४ अंश. चेहरा चौकटीत तेवढाच ठेवायचा तर १ मीटरवर सुमारे ३१ मिमी, २ मीटरवर ५० मिमी आणि ४ मीटरवर सुमारे ९३ मिमी भिंग लागेल. तिन्ही शॉट्सना सेटवर ‘लो’च म्हणतील, पण पहिल्यात जबडा पुढे येतो, कपाळ आखडतं, नाकपुड्या दिसतात आणि मागच्या भिंतीच्या उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. तिसऱ्यात चेहरा जवळजवळ नैसर्गिक राहतो आणि पात्र किंचित उंच वाटतं, इतकंच. म्हणून नुसतं ‘लो’ लिहिलेली शॉट-यादी अपुरी आहे. उंची, अंतर आणि भिंग तिन्ही लिहा.

सहायक दिग्दर्शक

वरच्या मुद्द्याला जोडून एक रोजचा गोंधळ. ‘कॅमेरा खाली घे’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात आणि त्यांचे परिणाम एकमेकांविरुद्ध असतात. भिंगाची उंची कमी केली तर पात्र चौकटीत ठेवायला टिल्ट वर करावा लागतो आणि मागे छत येतं. उंची तीच ठेवून टिल्ट खाली केला तर डोकं कापलं जातं आणि मागे जमीन येते. ‘उंची कमी कर’ आणि ‘टिल्ट डाउन’ असंच बोलावं. दोन शब्द जास्त लागतात, पण एक टेक वाचतो.

खालून शॉट लावताना आणखी काही. साध्या ट्रायपॉडचे पाय पूर्ण मिटवले तरी भिंग गुडघ्याच्या खाली सहसा जात नाही. त्याखाली बेबी लेग्ज (आखूड पायांचा ट्रायपॉड), त्याहीखाली हाय-हॅट (जवळजवळ जमिनीला टेकणारी बैठक). हाय-हॅट फळीवर घट्ट बसवलेला हवा आणि फळीवर वाळूची पिशवी हवी, नाहीतर पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) सगळंच सरकतं. कधी कॅमेऱ्याऐवजी पात्रालाच वर उचलणं सोपं पडतं. ॲपल बॉक्स (उंची वाढवायची लाकडी पेटी) पूर्ण ८ इंच, अर्धा ४, पाव २ आणि पॅनकेक १ इंच उंचीचा असतो, त्यामुळे हवी ती उंची जुळवता येते. पाय चौकटीत नाहीत ना, तेवढं बघायचं.

खालून घेतल्यावर छत चौकटीत येतं हे सगळ्यांत उशिरा लक्षात येतं. छताला टांगलेले दिवे, बूमची (माइक लावलेली) काठी, सेटच्या भिंतीची वरची उघडी कड, सगळं दिसू लागतं. बूम मग वरून चालत नाही, चौकटीच्या खालून वर रोखावा लागतो. प्रकाशही बाजूने किंवा जमिनीवरून आणावा लागतो आणि चेहऱ्याची छाया बदलते. एका टिल्टमुळे तीन खात्यांचं काम बदलतं, म्हणून तो शॉट आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलेला बरा.

संकलक

दुसऱ्या शंकेबद्दल. ‘खालून म्हणजे बलवान’ हा शब्दाचा अर्थ नाही. तो एक वापर आहे आणि तोसुद्धा ठरावीक परिस्थितीत लागू पडणारा.

खालून पाहिलं की जमीन चौकटीतून जाते. बाहेर असाल तर मागे आकाश येतं, इतर माणसं आणि वस्तू गळून पडतात, पात्र एकटं आणि मोठं दिसतं. बळ येतं ते या रिकाम्या पार्श्वभूमीतून. तोच शॉट खोलीत घ्या: मागे छत येतं आणि ते डोक्यावर टेकल्यासारखं वाटतं. कोन तोच असताना पात्र कोंडलेलं दिसू शकतं. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांनी ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) मध्ये हेच केलं. जवळजवळ सगळा चित्रपट एका खोलीत आहे. पहिला एक तृतीयांश भाग त्यांनी नजरेच्या पातळीच्या वरून घेतला, मधला नजरेच्या पातळीवर, शेवटचा पातळीखालून, आणि सोबत भिंगं अधिकाधिक लांब पल्ल्याची लावत नेली. शेवटाकडे छत दिसू लागतं, भिंती जवळ येतात. तिथे खालून घेतल्यामुळे कोणी नायक होत नाही. खोली आवळत जाते.

वरून घेतलेल्या शॉटचंही तसंच. मागे जमीन येते, पात्राच्या भोवतीची जागा दिसते, शरीर आखूड दिसतं. जागा रिकामी असेल तर पात्र एकाकी वाटतं, गर्दी असेल तर वेढलेलं. पण आपण नकाशा पाहतोय, म्हणून प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहिती मिळते, आणि बऱ्याचदा वरून शॉट घेण्याचं कारण फक्त ते असतं. कधी तर माहिती लपवण्यासाठीही घेतात. हिचकॉक यांनी ‘सायको’ (१९६०) मध्ये जिन्याच्या वरच्या टोकाचा हल्ला थेट वरून दाखवला, कारण हल्लेखोराचा चेहरा दिसू द्यायचा नव्हता. कॅमेरा नेहमी पाठीमागेच ठेवला असता तर प्रेक्षकाला संशय आला असता.

संकलनाच्या टेबलावर मी सर्वांत आधी पाहतो तो कोन आणि पात्रांची प्रत्यक्ष मांडणी यांतला फरक. एक पात्र खुर्चीत बसलंय, डोळे ११५ सेंमीवर. दुसरं समोर उभं, डोळे १५५ सेंमीवर. बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून उभ्याकडे पाहिलं तर शॉट खालून घेतलेलाच असतो, पण प्रेक्षक त्याला ‘बसलेल्याची नजर’ समजतो आणि पुढे जातो. दोघांत २ मीटर अंतर असेल तर हा कोन सुमारे ११ अंशांचा होतो. आता तिथेच २५ अंश दिले की मांडणीतून जे समजावून सांगता येत नाही ते १४ अंश उरतात, आणि प्रेक्षक त्या उरलेल्या भागाचा अर्थ लावायला लागतो. अर्थ तिथे सुरू होतो.

म्हणून काउंटर (समोरच्या पात्राचा उलट बाजूने घेतलेला शॉट) तपासून घ्या. उभ्याचा शॉट बसलेल्याच्या पातळीवरून आणि बसलेल्याचा उभ्याच्या पातळीवरून घेतला तर दोन्ही नजरा जुळतात. एक शॉट २५ अंश वर आणि त्याचा काउंटर सपाट असेल तर सजेशनमधला (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याकडे बघणाऱ्या शॉटमधला) खांदा एका शॉटमध्ये वरून येतो, दुसऱ्यात बाजूने, आणि पात्रं एकमेकांच्या डोळ्यांऐवजी हनुवटीकडे किंवा कपाळाकडे बोलताहेत असं दिसतं. हे संकलनात दुरुस्त होत नाही.

भाषांतरकार

या चर्चेवरून उंची आणि कोन यांचा फरक भाषेतही पाळायला हवा असं दिसतं. जपानी दिग्दर्शक ओझूंच्या चित्रपटांबद्दल मराठीत ‘ते लो अँगल वापरतात’ असं सर्रास लिहिलं जातं. हे बरोबर आहे का?

छायालेखक

अपुरं आहे. ओझूंचा कॅमेरा खाली असतो, पण बराचसा सपाट असतो, वर फारसा झुकलेला नसतो. पात्रं जमिनीवर बसलेली असल्यामुळे आपणही त्यांच्यात बसल्यासारखे वाटतो. हा ‘कमी उंचीचा कॅमेरा’ झाला. त्याला ‘लो अँगल’ म्हटलं की वाचक वर रोखलेल्या कॅमेऱ्याची कल्पना करतो आणि त्या शांत चौकटींचं वर्णनच चुकतं. ‘कमी उंची’ आणि ‘खालून वर’ हे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हाच नियम मुलांच्या दृश्यांना. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे साधारण १ मीटरवर, सपाट ठेवला तर तो मुलासाठी नजरेच्या पातळीवरचाच शॉट आहे. मोठ्या माणसांच्या फक्त कमरा दिसल्या तरी त्याला ‘लो अँगल’ म्हणू नये. नजरेची पातळी म्हणजे चौकटीतल्या पात्राची, कॅमेरामनची नाही.

भाषांतरकार

‘डच अँगल’ला, म्हणजे चौकटच कलवून घेतलेल्या शॉटला, ‘तिरका कोन’ लिहावं का? ‘डच’चा हॉलंडशी संबंध नाही एवढं माहीत आहे.

छायालेखक

‘डच’ हा ‘डॉइच’, म्हणजे जर्मन, या शब्दाचा अपभ्रंश अशी व्युत्पत्ती साधारणपणे दिली जाते. १९२०च्या दशकातल्या जर्मन चित्रपटांशी या शैलीचं नाव जोडलं गेलंय. ‘तिरका’ मात्र टाळा. सेटवर ‘कॅमेरा तिरका लाव’ म्हणजे समोरून न लावता पाऊण बाजूने लाव. ‘कललेली चौकट’ म्हटलं की गोंधळ राहत नाही.

कल किती द्यायचा? ५ अंशांच्या आत बऱ्याच प्रेक्षकांना ती चूक वाटते, ट्रायपॉड नीट लावला नाही असं. १० ते २० अंशांत हेतू स्पष्ट होतो. ३०च्या पुढे प्रेक्षक गोष्ट सोडून चौकटीकडे बघू लागतो. चौकटीत दाराची कड, खांब, क्षितिज, टेबल अशी एखादी उभी किंवा आडवी रेषा हवीच. कोऱ्या भिंतीसमोर चौकट कलवली तर फक्त पात्राने मान वाकडी केल्यासारखी दिसते, आणि पात्राने खरंच त्याच बाजूला मान कलती केली तर परिणाम शून्यावर येतो.

ट्रायपॉडचा बाउल (कॅमेऱ्याचं हेड बसतं ती वाटी) सैल करून थोडा कल मिळतो, पण मग पॅनचा अक्षही कलतो. पॅन करताना चौकट तिरपी सरकते आणि कलाचा अंश वाटेत बदलत जातो. स्थिर शॉटला हे चालतं, पॅन हवा असेल तर डच हेड (कॅमेरा बाजूला कलवणारं हेड) लागतं. वजन एका बाजूला जातं, म्हणून ट्रायपॉडचा एक पाय त्या बाजूला करा.

संकलक

‘सरळ घेऊ, नंतर कलवू’ म्हणणाऱ्यांसाठी हिशोब. १६:९ चौकट फिरवली की कोपरे रिकामे पडतात आणि ते भरायला चित्र मोठं करावं लागतं: ५ अंशांना सुमारे १५ टक्के, १० अंशांना २९, १५ अंशांना ४३. ३८४० पिक्सेल रुंदीचं चित्रण १९२० रुंदीत द्यायचं असेल तर हे सगळं निभतं. जेवढ्यात घेतलं तेवढ्यातच द्यायचं असेल तर १० अंशांनाच चित्र मऊ पडलेलं कळतं. शिवाय कडेला बसवलेलं पात्र कापलं जातं, म्हणून चित्रणाच्या वेळीच चौकट ढिली ठेवा.

सहायक दिग्दर्शक

‘टॉप’बद्दल कोणी बोललं नाही. वरून घेतलेल्या कुठल्याही शॉटला सेटवर ‘टॉप अँगल’ म्हणतात. ‘टॉप शॉट’ हा शब्द सरळ ९० अंश खाली बघणाऱ्या शॉटसाठीच राखून ठेवावा, कारण त्याची तयारी वेगळी आहे. ३० अंश वरून घ्यायला शिडी किंवा जिब (कॅमेरा वर उचलणारी लांब दांडी) पुरतं. ९० अंशांना कॅमेरा पात्राच्या डोक्यावर टांगावा लागतो, आणि तिथे कॅमेरा व भिंग दोन्हींना सुरक्षा-दोरी हवीच, टेक कितीही छोटा असो.

छताची उंची आधी मोजा. सुपर ३५ (सिने-कॅमेऱ्यांतलं एक प्रचलित माप) सेन्सरवर ३५ मिमी भिंगाने ३ मीटरवरून सुमारे २.१ मीटर रुंदी मिळते, म्हणजे झोपलेलं माणूस जेमतेम मावतं. पलंग आणि कॅमेऱ्याची उंची धरली तर साध्या खोलीत हे बसत नाही. २४ मिमी लावलं तर सुमारे २.१ मीटर अंतर पुरतं.

आणि पटकथेत ‘विहंगम दृश्य’ लिहिलेलं असलं तर लेखकाला विचारा. बहुतेकांना उंचावरून दिसणारा विस्तीर्ण परिसर अभिप्रेत असतो, सरळ खाली रोखलेला कॅमेरा नाही. पहिल्यात क्षितिज दिसतं, दुसऱ्यात नाही, आणि दोन्हींची सामग्री वेगळ्या गाडीने येते.