फियाटमध्ये एस्टीमचं इंजिन?
मडगावच्या 1970 च्या फियाटमध्ये मारुती एस्टीमचं 1300 सीसी इंजिन बसवायचं म्हणताय, पण एस्टीमचं इंजिन आडवं बसतं आणि त्याची ओढ पुढच्या चाकांना. फियाटची ओढ मागच्या चाकांना. त्यापेक्षा मारुती जिप्सीचं इंजिन गिअरबॉक्ससकट बघा, ते लांबीच्या दिशेनेच बसतं. स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा मात्र विसरा. आधी इंजिनखालचा क्रॉसमेंबर (आडवा लोखंडी पट्टा) स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा, आपल्या खाऱ्या हवेत रंगाखालून गंजाचे पापुद्रे निघतात. चारही ड्रम ब्रेक तसेच ठेवून अनमोड घाट उतरणार असाल तर मी काही गाडीत बसणार नाही! आणि 2021 च्या नियमांतली 'व्हीए' (विंटेज गाडीची) नोंदणी पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते. आरटीओची परवानगी आधी, वेल्डिंग नंतर. जुनं इंजिन भंगारात घालू नका, गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची झाली तर तेच लागेल.