डेंटल स्कूलला पुन्हा अर्ज करताना मास्टर्स कितपत कामाला येतं? अनुभव लिहा

सोनचाफा: लेकीने गेल्या वर्षी इथे अमेरिकेत डेंटल स्कूलचे अर्ज भरले, कुठेच जमलं नाही. बायॉलॉजीची डिग्री, जीपीए (४ पैकी सरासरी) ३.१, डॅट म्हणजे डेंटलची प्रवेश परीक्षा चांगली गेलीय. आता भेटेल तो सांगतो, ‘मास्टर्स करून टाक, मग घेतात.’ खरंच घेतात का हो? या वाटेने स्वतः गेलेल्यांनी किंवा ज्यांची मुलं गेलीत त्यांनीच लिहा. ऐकीव माहितीचा घरात सुकाळ आहे.

दाढोबा: मी केलंय. वर्षभराचा बायोमेडिकल सायन्सेसचा कोर्स, ज्याला सगळे एसएमपी (स्पेशल मास्टर्स प्रोग्राम) म्हणतात. माझं दुखणं सरळ होतं: ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्रीत सी. एसएमपीत काही विषय डेंटलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बसून केले, पेपरही त्यांचेच. तिथे ए पडल्यावर ‘याला झेपेल का’ हा प्रश्न मिटला. पण ताई, ऍडसॅसमध्ये, म्हणजे डेंटल स्कूलच्या सामायिक अर्जात, पदवीचा जीपीए वेगळा आणि मास्टर्सचा वेगळा दिसतो. मास्टर्सने ते ३.१ तसूभरही हलणार नाही. शिवाय जूनमध्ये अर्ज टाकला तर मास्टर्स सुरूच झालेलं नसतं, दाखवणार काय? मी निकाल हातात आल्यावरच अर्ज भरला. आणि एसएमपीत आपटलं, तर आधीचं बरं होतं म्हणायची पाळी येते.

खटपट्या: आमच्या चिरंजीवांनी मास्टर्स केलं नाही. पदवीनंतर जवळच्या सरकारी कॉलेजात सायन्सचे पदवी पातळीवरचे विषय घेतले. ते पदवीच्याच जीपीएत धरतात, म्हणून आकडा थोडा वर सरकला. फक्त एक, तोच विषय पुन्हा केला तर जुना मार्क पुसत नाहीत, दोन्ही धरतात. सोबत एका क्लिनिकमध्ये असिस्टंटची नोकरी. खर्च एसएमपीच्या पासंगालाही पुरणार नाही इतका कमी. मिळाली ऍडमिशन.

मंजिरी_के: वाचतेय. आमच्याकडे पुढच्या वर्षी हेच.

ओवी: माझी गोष्ट जरा वेगळी. नागपूरकडून बीडीएस, पहिल्यांदा कॅपिडमधून (बाहेर शिकलेल्या डेंटिस्टांसाठीचा सामायिक अर्ज) अर्ज केले तेव्हा इंटरव्ह्यूसुद्धा नाही. मग इथे येऊन एमपीएच (पब्लिक हेल्थचं मास्टर्स) केलं. एमपीएचमध्ये दाताचा ‘द’ नाही! उपयोग झाला तो आजूबाजूचा: फ्री क्लिनिकमध्ये व्हॉलंटियरिंग, इथल्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं, इंग्रजीतून पेशंटशी बोलायची सवय. आयएनबीडीई ही इथली डेंटल बोर्डाची परीक्षा त्याच काळात पास झाले. मात्र दोन वर्षं ड्रिल हातात नसेल तर बेंच टेस्टला, म्हणजे नकली दातांवरच्या प्रात्यक्षिक परीक्षेला, हात दगा देतो. मी रूमवर टायपोडॉन्ट (प्लास्टिकच्या दातांचा जबडा) टेबलाला क्लॅम्प करून रात्री क्राउन प्रेप करायचे, म्हणजे कॅप बसवण्यासाठी दात घासायचे. चॅम्फर, म्हणजे कडेची घासलेली रेघ, एका बाजूला खोल, दुसरीकडे पुसट. शेजारच्या दाताला बर (ड्रिलचं टोक) लागला की ते सेट बाद. रूममेट वैतागायची, प्लास्टिकची धूळ तिच्या चहाच्या कपात. पण इंटरव्ह्यूच्या दिवशी कोणी एमपीएचचे मार्क विचारले नाहीत, सगळ्यांचं लक्ष त्या प्रेपवर.

कोकणकडा: पैशाचं कोणी बोलत नाहीये म्हणून. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी (फेडरल) कर्ज बंद. मास्टर्सला फेडरल कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत, डेंटलसारख्या कोर्सला वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख. बऱ्याच खाजगी डेंटल स्कूलची फी यात मावत नाही, वरचं खाजगी बँकेकडून. त्यात आधीच एसएमपीचं कर्ज डोक्यावर घ्यायचं का, हे कागदावर मांडून बघा. एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वाल्यांना तर फेडरल कर्जच नाही, को-सायनर (कर्जाला जामीन) शोधा.

सोनचाफा: सगळ्यांचे आभार. @दाढोबा, डॅट पुन्हा द्यावी का?

दाढोबा: चांगली गेली असेल तर हात लावू नका. तिचं दुखणं जीपीएचं आहे. आधी सगळ्या स्कूलना मेल टाकून विचारायला सांगा की अर्ज कशावर अडला. सगळे उत्तर देत नाहीत, पण जे देतात ते अगदी नेमकं सांगतात. शॅडोइंगवर (डेंटिस्टसोबत राहून काम बघण्याचे तास) अडला असेल तर मास्टर्सचे पैसे वाचले.